सातव्या हुकमावरची पट्टी

बाबा,

उद्या तुमची तेरवी. ती झाली की मी पिंपळगाव राजाला सासरी परत जाईन. त्याआधी हे तुम्हाला लिहिणं भाग आहे.

परवा दहाव्याला मी तुमची एक गोष्ट चार माणसांत बोलून गेले. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही असता तर बोलूच दिलं नसतं. माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यांना पाणी विचारायचं असलं तरी मी मायला पुढं करते. परवा बोलले, आणि तेव्हापासून जीव ठिकाणावर नाही. माय माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि तोंड फिरवते.

गावात तुमच्याबद्दल एकच गोष्ट सांगतात. अकरा वर्षं पंप चालवला, आणि साहेबानं विचारलं तेव्हा बंद करताना आधी काय करायचं तेच ह्या माणसाला सांगता आलं नाही. पाच वर्षं हेच सांगतात. वाईट मनानं नाही, हसत सांगतात. पण तुमच्या हातचं काम ज्यानं पाहिलं त्याला हे ऐकवत नाही. आणि मी तर हे ऐकूच शकत नाही, कारण ते माझ्यामुळं घडलं.

नदीकाठचं पंपघर आणि त्याला लागून आपली खोली. मला शाळेच्या घंटेपेक्षा इंजिनाचा आवाज जास्त ओळखीचा होता. तुम्ही जेवताना मधेच घास थांबवायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "पाणी कमी खेचून राह्यला. जाळीत पाला अडकला असन." हात धुऊन जायचे, आणि पाला काढूनच यायचे. तुम्हाला काही वाचावं लागलं नाही. तुम्ही लागलात तेव्हा पंपाचं बुक इंग्रजीत होतं, ते कपाटात कुलपात असायचं. जुन्या ओव्हरसियरनं तुम्हाला हातानं शिकवलं आणि तुम्ही हातानं शिकलात. सही तेवढी गिरवून गिरवून बसवली होती. पगाराच्या दिवशी ती करताना तुमच्या कपाळावर घाम यायचा.

मग नवं राज्य झालं, आणि काही वर्षांनी कचेऱ्यांत मराठी आली. सगळ्यांना आनंद झाला. आपल्या घरात भीती आली. एके दिवशी वरून मराठीतलं बुक आलं, 'पंपचालकासाठी सूचना'. देणारा कारकून हसून म्हणाला, "घ्या काका, आता तुमच्याच भाषेत आहे. आता बहाणा नाही."

तुम्ही ते फडक्यात गुंडाळून घरी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"वच्छे, तुले चौथीपर्यंत शिकवलं ना?"

"हाव."

"वाच मंग."

त्या दिवसापासून दिवेलागणीला आपलं वाचन सुरू झालं. मी चुलीशी बसून भाकरी थापायची, बुक गुडघ्यावर. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटायचे. त्यात एकतीस सूचना होत्या. तुम्ही त्यांना हुकूम म्हणायचे, पहिला हुकूम, दुसरा हुकूम. मी एकदा वाचायची, तुम्ही माझ्यामागं म्हणायचे, तिसऱ्यांदा एकटे म्हणायचे. महिन्याभरात सगळे हुकूम पाठ झाले. पान कुठं उलटायचं तेही. गणपतभाऊंसमोर तुम्ही बुक हातात धरायचे, योग्य जागी पान उलटायचे, आणि त्यांना कधी संशय आला नाही. गणपतभाऊ तुमच्या हाताखाली नवीनच लागले होते, सहावी पास. सगळं बुकात पाहून करणारे. तुम्ही त्यांना चिडवायचे, "गणपत, पाणी प्यायच्या आंधीबी बुक पाहून घेजो बे." ते म्हणायचे, "पाह्यलं काका, तिथं गिलासाचं लिवलं नाई."

बुक आलं तशा दुरुस्त्याही येऊ लागल्या. दर दोन-तीन महिन्यांनी टाइप केलेल्या कागदाच्या पट्ट्या. अमुक पानावरची अमुक सूचना रद्द, तिच्या जागी ही चिकटवावी, बाजूला सही करावी. मी ज्वारीच्या पिठाची खळ करायची, उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, आणि जुन्या ओळींवर नवी पट्टी बसवायची. तुम्ही बाजूला सही करायचे. चिकटवायच्या आधी नवी ओळ मी तुम्हाला वाचून दाखवायची आणि तुम्ही जुनी ओळ पुसून नवी डोक्यात बसवायचे. हा आपला नेम होता. कागद बदलला की डोकंही बदललं पाहिजे, नाहीतर एक दिवस पकडले जाऊ, असं तुम्हीच म्हणाला होता. तो नेम मी मोडला.

टेकडीवर नवी टाकी झाली त्यानंतर सातव्या हुकमाची पट्टी आली. सातवा हुकूम पंप बंद करायचा. जुना असा होता, की आधी टाकीकडं जाणाऱ्या नळाचं चाक सावकाश फिरवून नळ पूर्ण बंद करावा, नंतर इंजिन थांबवावं. नव्या पट्टीत उलटं होतं. आधी इंजिन थांबवावं, नंतर चाक फिरवावं.

मी वाचलं आणि थांबले.

"बाबा, हे उलटं हाये."

"काय उलटं?"

"तुमी तं पह्यले चाक बंद करता."

तुम्ही डोळे उघडले. तुम्हाला लगेच कळलं होतं. इंजिन आधी थांबवलं तर टेकडीवर चढलेलं सगळं पाणी नळातून खाली धावत येणार. पाणी मागं फिरू न देणारा खालचा पडदा झिजलेला, तो अडवणार नाही. पंप उलटा फिरणार, सांधे फुटणार. जवळ उभा असलेला माणूस मरेल, असं तुम्हीच एकदा मला सांगितलं होतं.

"लिवलं तसं चिकटव," तुम्ही म्हणालात.

"पण चूक हाये ना."

"चूक सायबाची हाये. बुकात सायबाचंच राहीन. मी माह्या हातानं बरोबर करीन."

"अन् गणपतभाऊ? ते तं बुक पाहून करतात."

"गणपतले सांगीन मी."

पण तुम्ही सांगितलं नाही. मी वाट पाहिली. मला आता कळतं तुम्ही का सांगितलं नाही ते. गणपतभाऊ बुक घेऊन आले असते आणि म्हणाले असते, "काका, दाखवा बरं कोठं चूक हाये." आणि तुम्हाला बोट कुठं ठेवावं ते कळलं नसतं. तेव्हा मला हे कळलं नाही. मला एवढंच दिसलं की एका माणसाचा जीव जाऊ शकतो आणि माझे बाबा गप्प आहेत. मी पुन्हा पुन्हा म्हणाले. तुम्ही ओरडलात. मला आयुष्यात एकदाच ओरडलात, ते तेव्हा.

"चौथी शिकली तं सायब झाली काय? बुकाले हात लावू नको!"

मी बोलणं बंद केलं. वाचायची, पण त्याखेरीज शब्द नाही. तुम्हाला वाटलं असेल रुसले. रुसले नव्हते, घाबरले होते. त्याच दिवसांत बातमी आली की साहेब येणार, चालकांना कायम करणार, पण बुक वाचून दाखवावं लागणार. तुम्ही एकतीस हुकूम रोज म्हणू लागलात. सातवा म्हणताना तुमच्या तोंडून ते उलटंच निघायचं, पट्टीवर होतं तसं. सकाळी मात्र पंपघरात हात आधी चाकाकडंच जायचा.

मग तुम्ही आत्याला पाहायला धाड गावाला गेलात. दोन दिवस पंप गणपतभाऊंकडं. पहिल्याच दिवशी दुपारी मी नदीवर कपडे धूत होते. इंजिन थांबलं आणि जमिनीतून आवाज आला. घण मारावा तसा. एक, दोन, तीन. हातातला धोतराचा पिळा टाकून मी धावले. गणपतभाऊ दारात उभे होते, चेहरा पांढरा, सदरा ओला. नळाच्या सांध्यातून पाणी उडत होतं. मला पाहून हसायचा प्रयत्न केला.

"वच्छलाबाई, तुमच्या बाबांचं इंजिन मले वळखत नाई वाटते. लाथ मारली पाहा."

त्यांना दोन लेकरं होती. धाकटी माझ्या कडेवर खेळायची.

बाबा, मी तेव्हाच त्यांना तोंडानं सांगायला हवं होतं. "भाऊ, पट्टी चुकीची हाये." एवढंच. मला नाही जमलं. कागदावर मात्र मला जमायचं. सांधा आवळून ते गेल्यावर मी शाळेच्या जुन्या वहीचं पान फाडलं, पट्टीएवढी पट्टी कापली, आणि सातवा हुकूम जुना होता तसा लिहिला. ठसठशीत, शाईनं, ओळ सरळ. खळ केली. साहेबाच्या पट्टीवर माझी पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी गणपतभाऊंनी बुक पाहिलं, आधी चाक बंद केलं, मग इंजिन. सगळं शांत राहिलं. मी खोलीत देवापुढं बसून होते.

तुम्ही परत आलात. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, तुमचा राग उतरू दे. तुम्ही ती पट्टी काढून टाकाल अशी भीती होती. हुकूम वाचताना मी सातव्यापाशी आले की पट्टीखालचं, साहेबाचं तेच वाचायची, कारण ते मला पाठ होतं. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी दहाला जीप आली.

साहेब तरुण होता. चांगला होता, ओरडणारा नव्हता. बाकड्यावर बसला, चहाला नको म्हणाला. मी खोलीच्या दाराआड उभी. तिथून बाकडं दिसायचं, तुम्ही दिसायचे.

पहिला हुकूम वाचायला सांगितला, तुम्ही म्हटला. चौदावा, तुम्ही म्हटला. साहेब मान डोलवत होता. मग तो म्हणाला, "नवीन टाकीनंतरची सूचना वाचा. सातवी."

तुम्ही पान उलटलं. पट्ट्यांची पानं तुम्ही अंगठ्यानं ओळखायचे, कुठं किती जाड ते. तुमचा अंगठा सातव्या हुकमावर गेला आणि थांबला. तिथं एक पट्टी जास्त होती. तुम्ही अंगठा पुन्हा फिरवला. मग तुम्ही मान वर करून दाराकडं पाहिलंत.

त्या वेळी तुम्हाला सगळं कळलं होतं. इथं नवं काहीतरी लिहिलंय आणि ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलेलं नाही, हे कळलं होतं. मी पाऊल पुढं टाकलं. तुम्ही माझ्याकडं पाहत होता. मी थांबले.

तुम्ही बुकाकडं वळलात आणि साहेबाचं ते उलटं म्हटलंत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, न अडखळता.

साहेबानं हात पुढं केला. बुक घेतलं.

"हे कुठं लिहिलंय? इथं तर आधी चाक आहे." त्यानं पान उजेडाकडं केलं. "आणि ही पट्टी आमची नाही. हातानं लिहिलेली आहे. कोणी चिकटवली?"

गणपतभाऊ तुमच्याकडं पाहू लागले.

"म्या," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही लिहिलीत?"

"हाव."

"मग स्वतः लिहिलेलं उलटं कसं वाचता?"

साहेबानं बुक खाली केलं. त्याला अंदाज येत होता असं मला वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगा. वाचता येतं ना?"

"येते सायब. डोळे बराबर नाई आता. पाठ होतं ते म्हणलं. पाठ चुकलं."

"चुकलं? अकरा वर्षं पंप चालवता. बंद करताना आधी काय करायचं, तुम्हाला माहीत नाही?"

तुमचे हात मांडीवर होते. उजवा हात उघडला आणि मिटला, चाक धरल्यासारखा.

"नाई माहीत सायब," तुम्ही म्हणालात.

मी दाराआडच होते.

साहेबानं नखानं माझी पट्टी काढली, बुकाला कोणी हात लावायचा नाही म्हणाला, आणि काहीतरी लिहून घेतलं. जाताना त्यानं गणपतभाऊंना मात्र सांगितलं, की वरून नवीन कळेपर्यंत आधी चाकच बंद करा. म्हणजे आपली पट्टी चुकली हे त्याला कळलं होतं. महिन्याभरानं गणपतभाऊ चालक म्हणून कायम झाले. तुम्हाला टेकडीवरच्या टाकीवर पाठवलं, गल्लीगल्लीचं पाणी सोडायला. नदीकाठची खोली गेली. पुढं कधीतरी वरून टाइप केलेली पट्टी आली, त्यात माझ्या पट्टीवरचं तेच होतं. गणपतभाऊंनी घरी येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आता कोनाले लागनार नाई." आणि जेवायला बसलात.

ह्यावर आपण एकदाही बोललो नाही. तुम्ही मला रागावला असता तर मी सुटले असते. रोज तुमची भाकरी घेऊन मी टेकडी चढायची. पंप थांबायच्या वेळी तुम्ही मोठ्या नळावर हात ठेवून उभे असायचे. पाणी सावकाश थांबलं की हात काढायचे आणि म्हणायचे, "गणपतचा हात बसला." त्या वाक्यात राग नसायचा, हेच मला सहन व्हायचं नाही.

पाच वर्षं मी एकच विचार करते. तुम्ही दाराकडं पाहिलंत ते काय होतं? बाहेर येऊ नको, असं होतं का? मी स्वतःला तेच सांगत आले. बाबांनी डोळ्यांनी थांबवलं, म्हणून मी थांबले. पण कधी कधी वाटतं की तुम्ही थांबवलं नव्हतं. तुम्ही फक्त पाहिलं होतं. कदाचित मदत मागत होता. एकदाच तुम्ही माझ्याकडं काही मागितलं असेल आणि मी चौकट धरून उभी राहिले. हे मला तुम्हाला विचारायचं होतं. लग्नात पाया पडताना विचारणार होते, एसटीत बसवायला आलात तेव्हाही. तुम्ही खिडकीशी आलात आणि म्हणालात, "तिकडं वाचणं सोडू नको बाई." गाडी सुटली.

माझ्याबरोबर चौथीतून घरी बसलेल्या मुली आज सही करताना अडतात. मी सासऱ्यांना पोथी वाचून दाखवते, शेजारच्या बाया माहेरची पत्रं माझ्याकडून वाचून घेतात. ती अक्षरं तुम्ही माझ्याकडं राहू दिलीत. तुम्हाला गरज होती म्हणून असेल. तरी राहिली.

तर परवा दहाव्याला, नदीवरून आल्यावर माणसं ओट्यावर बसली होती. गणपतभाऊ होते. सकाळपासून तेच राबत होते, लाकडं, मांडव, सगळं. ते तुमच्या आठवणी सांगत होते, डोळे ओले होते. मग नेहमीचंच सुरू झालं.

"काका देवमाणूस. पन सायबापुढं असे भेले बापा, अकरा वर्साचं काम येका मिनिटात इसरले! पह्यले काय बंद कराचं, तेच सांगता नाई आलं."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "इंजिन चाले नशिबानं."

मी आत चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवली. मायनं माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. तिनं माझं मनगट धरलं.

"बसून राय वं. बोलू दे त्यायले."

"माय, बाबाले काम येत होतं."

"आपल्याले माहीत हाये ना? पुरे झालं. त्यायनं जे झाकलं ते तू उघडं नको करू. जनमभर झाकलं त्यायनं."

ती खरं बोलत होती. बाहेर जाऊन अर्धं सांगता येणार नव्हतं. काम येत होतं म्हणायचं तर वाचता येत नव्हतं हेही म्हणावं लागणार होतं. तुम्ही साहेबापुढं दोन्हीतलं एक निवडलं होतं, कामाचं नाव घालवून वाचता न येणं झाकलं होतं. आणि मी ते उलटं करणार होते. मी मनगट सोडवून घेतलं.

ओट्यावर गेले तेव्हा डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. कोणाकडं पाहिलं नाही. खाली पाहून बोलले.

"गणपतभाऊ, बाबा क्रम इसरले नव्हते. त्यायले वाचता येत नव्हतं. बुक मी वाचून दाखवत होतो अन् ते पाठ करत होते. सायबाची पट्टी चुकीची होती. नळ दनानला त्या दिवशी तुमचा जीव थोडक्यात वाचला, म्हणून म्या माही पट्टी चिकटवली. बाबाले सांगितलं नाई. ते जे बोलले ते सायबाचंच बोलले."

एवढं मी आयुष्यात सलग कधी बोलले नव्हते. गणपतभाऊंच्या हातात कप होता, तो त्यांनी खाली ठेवला.

"येकतीसच्या येकतीस पाठ?" ते म्हणाले.

"हाव."

"अन् मी त्यायले म्हणो, काका, बुक पाहात जा." ते माझ्याकडं वळले. "मले काऊन नाई सांगितलं वं?"

मी आत आले. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाहेर एक म्हातारे म्हणाले, "कानानं चालवला म्हना की त्यानं पंप." गणपतभाऊ म्हणाले, "हातानं. मी पाह्यला त्यायचा हात."

बाबा, तुम्ही चिडला असाल तर चिडा. मायसारखं तोंड फिरवा. दारातून बाहेर यायला मला पाच वर्षं उशीर झाला, आणि आले तेही तुमचं झाकलेलं उघडं करून. पण पंप बंद करताना आधी काय करायचं हे तुम्हाला माहीत होतं, हे आता गावाला माहीत आहे. ते आता कोणाला पुसता येणार नाही.

तुमची
वच्छला